कॉर्न्ड बीफ मऊ शिजावे म्हणून : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कॉर्न्ड बीफ घरी शिजवले, पण ते चिवट झाले, अशा आशयाची बरीच पत्रे या सदराकडे आली आहेत. कोणी प्रेशर कुकर वापरला आहे, कोणी स्लो कुकर, कोणी ओव्हन. तक्रार मात्र जवळपास एकच आहे. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. त्याआधी थोडे मांसाविषयी सांगणे आवश्यक वाटते, कारण पुढची सर्व उत्तरे त्यावरच आधारलेली आहेत.

कॉर्न्ड बीफसाठी बहुधा ब्रिस्केट, म्हणजे जनावराच्या छातीचा भाग, मसालेदार मिठाच्या पाण्यात काही दिवस मुरवलेला असतो. उभे राहताना आणि चालताना जनावराच्या वजनाचा मोठा भार याच स्नायूंवर येतो, आणि त्यामुळे त्यांत कोलॅजन हा चिवट घटक भरपूर असतो. मांसाचे तापमान ६० ते ६५ अंश सेल्सिअसच्या पुढे गेले की कोलॅजन आकसते आणि तंतूंमधला रस पिळून बाहेर काढते. ७० अंशांच्या आसपास तेच कोलॅजन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होऊ लागते आणि ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान या क्रियेला चांगला वेग येतो. या दोन टप्प्यांच्या मधे एक काळ असा असतो की मांस आतपर्यंत शिजलेले असते, खाण्यास सुरक्षितही असते, पण चावण्याच्या दृष्टीने ते सर्वांत वाईट अवस्थेत असते. आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारींत मांस नेमके याच अवस्थेत आचेवरून उतरवले गेले आहे.

प्रश्न : दीड किलोचा तुकडा मी प्रेशर कुकरमध्ये ४० मिनिटे शिजवला आणि लगेच वाफ सोडून झाकण उघडले. मांस आतून शिजले होते, पण दाताखाली रबरासारखे लागले. ते जास्त शिजल्यामुळे असे झाले का?

नाही, ते कमी शिजले. जास्त शिजलेले मांस सुटे होते, त्याचे धागे पडतात आणि ते कोरडे लागते; रबरासारखे ताणले जाणारे मांस म्हणजे कोलॅजन अजून विरघळलेले नाही. हा फरक एकदा लक्षात आला की पुढच्या वेळी वेळ वाढवायचा की घटवायचा, याविषयी गोंधळ राहत नाही.

गॅसवरच्या प्रेशर कुकरमध्ये पूर्ण दाब चढल्यावर आतले तापमान १२० अंशांच्या आसपास पोहोचते. विजेवर चालणारे प्रेशर कुकर बहुधा यापेक्षा थोड्या कमी दाबावर काम करतात, त्यामुळे त्यांना अधिक वेळ द्यावा लागतो. आपल्या दीड किलोच्या तुकड्यासाठी गॅसवरच्या कुकरमध्ये ७० ते ८० मिनिटे आणि विजेच्या कुकरमध्ये ८५ ते ९० मिनिटे धरावीत, आणि ही मोजणी पूर्ण दाब आल्यानंतरच सुरू करावी. शिट्ट्या मोजून वेळ ठरवण्याची सवय अनेकांना असते. ती अशा दीर्घकाळ शिजणाऱ्या मांसाला उपयोगाची नाही, कारण दोन शिट्ट्यांमधले अंतर आचेनुसार, कुकरच्या आकारानुसार आणि आतल्या पाण्यानुसार बदलते. पहिली शिट्टी होताच आच बारीक करावी आणि घड्याळ लावावे. वजनापेक्षा जाडीला अधिक महत्त्व आहे, हेही ध्यानात असावे : दोन किलोचा पसरट तुकडा दीड किलोच्या जाड तुकड्याआधी तयार होऊ शकतो.

आता वाफ लगेच सोडण्याविषयी. दाबाखाली असताना मांसातले पाणी १०० अंशांच्या वर तापलेले असते, पण दाबामुळे ते उकळत नाही. दाब एकदम काढून घेतला की तेच पाणी मांसाच्या आतल्या आत उकळू लागते, त्याची वाफ तंतूंमधून वाट काढत बाहेर पडते आणि जाताना रस घेऊन जाते. तासाभराचे चांगले काम एका मिनिटात वाया जाण्याची ही खात्रीची रीत आहे. आच बंद केल्यावर निदान २० मिनिटे कुकरला हात लावू नये. दाब आपोआप पूर्ण उतरेपर्यंत थांबता आले तर उत्तमच.

पाणी मांस बुडेल इतके घालण्याची गरज नाही. जाळीवर तुकडा ठेवून खाली दोन ते तीन कप पाणी पुरते, कारण शिजवण्याचे काम वाफ करते. मात्र विकत आणलेल्या मांसाच्या पाकिटासोबत येणारी मोहरी, धणे, मिरे, तमालपत्र यांची पुडी मोकळी न घालता पातळ कापडात बांधून घालावी, म्हणजे बारीक दाणे वाफेच्या छिद्रात अडकणार नाहीत. झाकण उघडल्यावर मांस अजून घट्ट वाटले तर निराश होण्याचे कारण नाही. पाण्याची पातळी पाहून पुन्हा दाब चढवावा आणि आणखी १५ मिनिटे द्यावीत.

प्रश्न : मांस मऊ झाले की नाही, हे घड्याळ सोडून आणखी कशावरून ओळखावे?

काट्यावरून. दोन लांब दातांचा काटा किंवा लोखंडी सळई तुकड्याच्या सर्वांत जाड भागात सरळ उभी खुपसावी. ती विनाअडथळा आत गेली पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे बाहेर काढताना मांसाचा तुकडा तिच्यासोबत वर उचलला जाता कामा नये. काटा आत सहज जातो पण निघताना मांस त्याला धरून ठेवते, अशी स्थिती असेल तर अजून २० ते ३० मिनिटांची गरज आहे. ही परीक्षा एका जागी न करता दोन-तीन जागी करावी, कारण एका टोकाला मऊ झालेला तुकडा मध्यभागी घट्ट असू शकतो.

अन्नाचा थर्मामीटर असल्यास त्याचाही उपयोग करावा. सुरक्षिततेच्या दृष्टीने ६३ अंश तापमान आणि त्यानंतर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानली जाते, परंतु त्या तापमानाला काढलेले ब्रिस्केट चावणे कठीण जाते. नेहमीच्या पद्धतींत मऊपणासाठी मध्यभागी ९० ते ९५ अंश येऊ द्यावेत. थर्मामीटर आणि काटा यांचे एकमत झाले नाही तर काट्याचे ऐकावे.

प्रश्न : स्लो कुकरमध्ये ‘लो’ वर ठेवावे की ‘हाय’ वर? शिवाय गोठवलेला तुकडा तसाच ठेवला तर चालतो का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर : चालत नाही. स्लो कुकर फार सावकाश तापतो. गोठलेला तुकडा त्यात ठेवला तर मांस ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात तासन्‌तास राहते आणि जिवाणूंच्या वाढीला हाच पट्टा सर्वांत अनुकूल असतो. तुकडा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवून पूर्ण सुटू द्यावा. दीड-दोन किलोच्या तुकड्याला यासाठी एक ते दोन दिवस लागतात.

‘लो’ वर ८ ते १० तास आणि ‘हाय’ वर ४ ते ६ तास हा ढोबळ हिशेब आहे. पुष्कळांना वाटते की ‘लो’ वर मांस बऱ्याच कमी तापमानाला शिजते. प्रत्यक्षात बहुतेक स्लो कुकरमध्ये दोन्ही बटणांवर आतले पाणी अखेरीस उकळीच्या जवळपास जाऊन पोहोचते. फरक असतो तो तिथवर पोहोचण्यास लागणाऱ्या वेळाचा. ब्रिस्केटसाठी आमची पसंती ‘लो’ ला आहे, कारण त्यात बाहेरचा थर आणि मध्यभाग यांच्या तापमानात फार अंतर पडत नाही आणि तुकडा सगळीकडून सारखा मऊ होतो. तुकडा चरबीचा थर वर येईल असा ठेवावा आणि पाणी निम्म्यापर्यंत किंवा त्याच्या किंचित वर असावे. झाकण काढून पाहण्याचा मोह आवरावा, कारण एकदा साठलेली उष्णता बाहेर गेली की ती परत यायला या उपकरणाला वीस-पंचवीस मिनिटे सहज लागतात.

बटाटे आणि गाजरे सोबत शिजवायची असतील तर स्लो कुकरमध्ये ती मांसाच्या खाली, तळाशी रचावीत. कंदभाज्या इथे अनेकदा मांसापेक्षाही उशिरा शिजतात. कोबीच्या मोठ्या फोडी मात्र शेवटच्या तासात घालाव्यात. इतर पद्धतींत कंदभाज्याही उशिरा घालाव्यात : बटाटे-गाजरे शेवटच्या ३० ते ४० मिनिटांत, कोबी शेवटच्या १५ ते २० मिनिटांत. प्रेशर कुकरमध्ये मांस बाहेर काढून झाकून ठेवावे आणि उरलेल्या रसात भाज्यांना तीन ते चार मिनिटे दाब द्यावा, म्हणजे त्यांचा लगदा होत नाही.

प्रश्न : पातेल्यात शिजवलेले मांस ठीक होते, पण तेच पाकीट पुढच्या वेळी ओव्हनमध्ये फॉइलखाली भाजले तर खारटपणामुळे खाववेना. एकाच प्रकारच्या मांसात इतका फरक कसा?

मांस एकाच प्रकारचे असले तरी मिठाला बाहेर पडण्यासाठी मिळालेली जागा वेगळी होती. मोठ्या पातेल्यातल्या भरपूर पाण्यात तीन तास शिजताना मांसातले पुष्कळ मीठ पाण्यात उतरते. फॉइलने बंद केलेल्या ओव्हनच्या ट्रेमध्ये पाणी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर असते, प्रेशर कुकरमध्ये दोन-तीन कप, आणि सू-व्हीडच्या (पिशवीत बंद केलेले मांस ठरावीक तापमानाच्या पाण्यात बराच वेळ ठेवून शिजवण्याची पद्धत) बंद पिशवीत तर मांसाच्या स्वतःच्या रसाशिवाय काहीच नसते. पाणी जितके कमी, तितके अधिक मीठ मांसातच राहते. उपकरण बदलले की वेळेइतकाच हा हिशेबही बदलावा लागतो, याकडे कृती लिहिणाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही, आणि त्याचा भुर्दंड स्वयंपाक करणाऱ्याला पडतो.

उपाय सोपा आहे. पाकिटातले पाणी टाकून द्यावे आणि मांस वाहत्या थंड पाण्याखाली सर्व बाजूंनी धुवावे. पातेल्यात शिजवणार असाल तर एवढे बहुधा पुरते. इतर पद्धतींसाठी मांस थंड पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दर तासाने पाणी बदलत दोन ते तीन तास भिजवावे. सू-व्हीडसाठी रात्रभर भिजवले तरी हरकत नाही. शिजवताना वरून मीठ अजिबात घालू नये. भिजवण्यास वेळच नसेल तर मांस थंड पाण्यात ठेवून एक उकळी आणावी, ते पाणी ओतून द्यावे आणि ताज्या पाण्यात पुढचे शिजवणे सुरू करावे. मसाल्याचा थोडा स्वाद पहिल्या पाण्याबरोबर जातो, म्हणून पुडीतला मसाला दुसऱ्या पाण्यातच घालावा.

प्रश्न : गॅसवर पातेल्यात तीन तास खळखळ उकळूनही मांस बाहेरून धागेधागे आणि आतून घट्ट राहिले. असे का व्हावे?

खळखळ उकळल्यामुळेच. पाणी कितीही जोरात उकळले तरी त्याचे तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आच वाढवून वेळ वाचत नाही. होते एवढेच की बाहेरच्या थराला सतत धक्के बसतात, तो आतला भाग मऊ होण्याच्या कितीतरी आधी विस्कटतो आणि कोरडा पडतो. पाणी ८५ ते ९५ अंशांत राहिले पाहिजे. थर्मामीटर नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागाकडे पाहावे : काठाशी एखाददुसरा बुडबुडा येऊन फुटतो, मधे पाणी नुसते हलल्यासारखे दिसते, आणि झाकण थरथरत नाही. आच सर्वांत बारीक करूनही उकळी थांबत नसेल तर पातेल्याखाली जाड तवा सरकवावा किंवा झाकण थोडे तिरके ठेवावे.

जाड बुडाचे पातेले घ्यावे, मांस थंड पाण्यात बुडवूनच आच लावावी आणि पहिल्या १५ मिनिटांत वर येणारा करडा फेस काढून टाकावा. दीड किलोच्या तुकड्याला अडीच ते साडेतीन तास लागतात. मधे पाणी घालावे लागले तर ते गरमच घालावे. आपण समुद्रसपाटीपासून बऱ्याच उंचीवर राहत असाल तर वेळ आणखी वाढेल, कारण साधारण दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू एक अंशाने खाली येतो. अशा ठिकाणी प्रेशर कुकरच अधिक सोयीचा.

सर्व पद्धती ताडून पाहता आम्हाला आजही पातेलेच सर्वांत विश्वासाचे वाटते. त्यात मांस कधीही काट्याने तपासता येते, रस चाखता येतो, आणि मीठ जास्त झाले आहे असे दिसले तर पाणी बदलता येते. बंद उपकरणात या तिन्ही गोष्टी अवघड होतात.

प्रश्न : ओव्हनमध्ये किती अंशांवर आणि किती वेळ ठेवावे? वरून खमंग थर हवा आहे, पण तो मिळवताना मांस कोरडे पडते.

ही दोन वेगवेगळी कामे आहेत आणि ती वेगवेगळीच करावीत. आधी मांस मऊ करावे : खोल ट्रेमध्ये चरबीची बाजू वर ठेवून तळाशी दोन-तीन सेंटिमीटर पाणी घालावे, फॉइलचे दोन थर काठांवर घट्ट दाबून बसवावेत आणि १५० ते १६० अंशांवर तीन ते चार तास ठेवावे. आपल्या ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर २० अंश कमी धरावेत. झाकण घट्ट असण्याला महत्त्व आहे, कारण उघड्या मांसाच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होत राहते, ती वाफ उष्णता घेऊन जाते आणि मांसाचे तापमान ७० अंशांच्या आसपास तासन्‌तास अडकून पडते. तेवढ्या वेळात मांस सुकते.

मांस काट्याच्या परीक्षेला उतरल्यावर फॉइल काढावे, ट्रेमधला रस वेगळ्या भांड्यात ओतून ठेवावा, चरबीच्या बाजूला मोहरीची पेस्ट आणि तपकिरी साखर यांचे मिश्रण लावावे, ओव्हन २०० अंशांवर न्यावा आणि १० ते १५ मिनिटांत थर तांबूस झाला की बाहेर काढावे. साखर शेवटच्या काही मिनिटांत फार झपाट्याने करपते, म्हणून त्या वेळी ओव्हनसमोरून हलू नये.

प्रश्न : चार तास शिजवूनही मांस आतून गुलाबीच आहे. ते कच्चे आहे का?

नाही. कॉर्न्ड बीफ मुरवताना मिठासोबत सोडियम नायट्राइट वापरतात. मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिनशी त्याची क्रिया होते आणि उष्णता मिळाल्यावर हा रंग गुलाबी होऊन पक्का बसतो. साधे बीफ शिजताना करडे होते, हे होत नाही. म्हणून रंगावरून या मांसाची परीक्षा करू नये. उलट, काहीजण नायट्राइट न घालता मांस मुरवतात. ते शिजल्यावर करडे दिसते आणि तेही बरोबरच असते.

याच संदर्भात घरी मांस मुरवणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की ‘गुलाबी मीठ’ म्हणून कृतीत सांगितलेल्या मिठाऐवजी सैंधव चालेल का. या दोन्हींचा रंग सारखा असला तरी त्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि ही गफलत गंभीर ठरू शकते. मांस मुरवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या नेहमीच्या क्युअरिंग मिठात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असते आणि साध्या मिठापासून ते ओळखू यावे म्हणूनच त्याला मुद्दाम गुलाबी रंग दिलेला असतो. सैंधवाचा रंग खनिजांमुळे येतो, त्यात नायट्राइट नसते, त्यामुळे मांसाला अपेक्षित रंग, चव आणि संरक्षण त्यातून मिळत नाही. याच्या उलट चूक अधिक घातक आहे : क्युअरिंग मीठ सैंधव समजून जेवणात वापरले तर विषबाधा होऊ शकते. ते वेगळ्या, घट्ट झाकणाच्या, ठळक नाव लिहिलेल्या डब्यात आणि मुलांच्या हाताबाहेर ठेवावे आणि अंदाजाने न घालता काट्यावर तोलूनच घालावे.

प्रश्न : सू-व्हीडचे यंत्र घेतले आहे. तापमानाविषयी प्रत्येकजण वेगळेच सांगतो.

वेगळे सांगतात कारण वेगवेगळ्या तापमानांना मांसाचा पोत खरोखरच वेगळा येतो आणि त्यांपैकी कोणताही चुकीचा नाही. ८२ अंशांवर १० ते १२ तास ठेवले तर पातेल्यात शिजवल्यासारखे, काट्याने सुटणारे मांस मिळते. ६० अंशांवर ४८ तास ठेवले तर मांस मऊ होते, पण बांधीव राहते, त्याचे स्वच्छ, रसाळ काप पडतात. एवढ्या कमी तापमानाला कोलॅजन विरघळते ते केवळ दीर्घ काळामुळे; तेथे घाई केली तर हाती काहीच लागत नाही. ज्या पिशवीतून मांस विकत आणले तीच पाण्यात सोडू नये. मांस धुऊन, भिजवून, कोरडे करून नव्या पिशवीत हवा काढून बंद करावे, आणि दोन दिवस चालणाऱ्या या प्रक्रियेत भांडे झाकून ठेवावे, नाही तर पाणी आटून तुकडा उघडा पडतो.

प्रश्न : मायक्रोवेव्ह किंवा एअर फ्रायरमध्ये कच्चे कॉर्न्ड बीफ शिजवता येईल का?

मायक्रोवेव्हमध्ये शिजते, पण पूर्ण शक्तीवर नाही. झाकणाच्या खोल भांड्यात दीड कप पाणी घालून सुमारे ३० टक्के शक्तीवर ठेवावे, अर्धा वेळ झाल्यावर तुकडा उलटावा आणि दर अर्ध्या किलोला २० ते ३० मिनिटे धरावीत. लहान तुकड्यासाठीच हा मार्ग घ्यावा, कारण मोठा तुकडा सगळीकडे सारखा तापत नाही. एअर फ्रायर मुळात जोराची कोरडी गरम हवा फिरवतो आणि ब्रिस्केटला हवा असतो सावकाश ओलसर ताप. तेव्हा त्याचा उपयोग आधीच मऊ शिजवलेल्या तुकड्याला १८० अंशांवर आठ-दहा मिनिटांत वरून खरपूस करण्यापुरताच ठेवावा.

प्रश्न : मांस काट्याला मऊ लागते, पण कापल्यावर प्रत्येक घास चघळावा लागतो. कुठे बिघडते?

सुरीखाली बिघडते. मांसाचे तंतू एका दिशेने समांतर गेलेले असतात. सुरी त्यांच्याच दिशेने चालली तर प्रत्येक कापात लांबच लांब अखंड धागे राहतात आणि ते तोडण्याचे काम दातांवर पडते. सुरी तंतूंना आडवी चालली तर प्रत्येक धागा कापाच्या जाडीएवढाच, म्हणजे चार-पाच मिलिमीटरचा उरतो आणि घास तोंडात सुटतो. उत्तम शिजलेले मांससुद्धा चुकीच्या दिशेने कापले तर चिवट लागते, एवढा हा फरक मोठा आहे.

शिजल्यानंतर तंतूंची दिशा ओळखणे थोडे कठीण जाते, म्हणून मांस कच्चे असतानाच एक कोपरा तंतूंना आडवा छाटून ठेवावा. नंतर त्या छाटलेल्या कडेला समांतर सुरी चालवली की झाले. अखंड ब्रिस्केटमध्ये दोन स्नायू एकावर एक असतात : पसरट, कमी चरबीचा ‘फ्लॅट’ आणि जाड, चरबीदार ‘पॉइंट’. त्यांच्या तंतूंच्या दिशा वेगळ्या असल्यामुळे कापण्याआधी मधल्या चरबीच्या थरावरून सुरी फिरवून ते वेगळे करावेत. नीटनेटके काप हवे असतील तर फ्लॅट घ्यावा; मांस विस्कटून खायचे असेल तर पॉइंट अधिक रसाळ लागतो आणि शिजवताना थोडीफार चूकही सांभाळून घेतो.

कापण्याआधी मांस झाकून १५ ते २० मिनिटे तसेच राहू द्यावे. त्या वेळात रस थोडा घट्ट होतो आणि फळीवर वाहून जात नाही. सँडविचसाठी अगदी पातळ काप हवे असतील तर गरम मांसाच्या मागे लागू नये. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेला तुकडा सकाळी कागदासारखा पातळ कापता येतो.

प्रश्न : उरलेले मांस दुसऱ्या दिवशी गरम केले की कोरडे आणि कडक होते. काय करावे?

ते त्याच्याच रसात ठेवावे आणि रसातच गरम करावे. शिजवलेले मांस दोन तासांच्या आत उथळ डब्यात, त्यावर थोडा गाळलेला रस ओतून, फ्रिजमध्ये जावे. तिथे ते तीन ते चार दिवस चांगले राहते आणि रसासह गोठवले तर दोन-तीन महिने. थंड झाल्यावर वर साठलेली चरबी काढून टाकता येते. गरम करताना काप पसरट पातेल्यात मांडून त्यांवर रस आणि गरजेपुरते पाणी घालावे, झाकण ठेवावे आणि बारीक आचेवर वाफ येऊ द्यावी. तापमान ७४ अंशांपर्यंत गेले पाहिजे, पण उकळी नको. मायक्रोवेव्हमध्येही हेच निम्म्या शक्तीवर करता येते. थंड मांसाचे बारीक तुकडे उकडलेल्या बटाट्याबरोबर तव्यावर परतणार असाल तर मात्र रस पूर्ण निथळून घ्यावा, मिश्रण उलथन्याने दाबून पसरावे आणि खालची बाजू तांबूस होईपर्यंत पाच-सहा मिनिटे ते अजिबात हलवू नये.